पडद्याच्या मागून सिनेमा

मला लिहायला शिकवलं ते पत्रकांनी. कॉलेजात असल्यापासून लिहिते आहे. शिष्यवृत्ती अडली, काढ पत्रक. गावाची बस बंद केली, काढ पत्रक. पत्रकात पहिल्या ओळीत मागणी असते, दुसऱ्या ओळीत ती कोण अडवून बसलंय ते असतं, आणि गप्पांना जागा नसते, कारण कागद अर्धाच असतो. संपादकांनी या दिवाळीला 'कामातले अनुभव सविस्तर लिहा' असं सांगितलं तरी हाताची सवय जात नाही. म्हणून मागणी आधी.

सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत आपल्याकडे जे सिनेमे झाले, ते बघा. मराठी बघा, हिंदी बघा. मोबाईलवर, कानात बोंडं घालून, एकटे बघू नका. चार लोकांत बसून बघा, आणि त्यातल्या दोघांशी तरी तुमचं पटत नसलं पाहिजे.

नावं मी लिहिणार नाही. ते मुद्दाम आहे. नाव कळलं की लोक मोबाईलवर दोन मिनिटांचा तुकडा बघतात आणि 'हो, पाहिलाय तो' म्हणून मोकळे होतात. माझा मावसभाऊ असाच चाळीस सिनेमे पाहून बसलाय. त्यातल्या एकाचाही शेवट त्याला सांगता येत नाही.

वर्ध्यातल्या एका लहानशा संस्थेत मी काम करते. जिल्ह्यातल्या गावोगावी पडदा लावून आम्ही सिनेमा दाखवतो आणि मग त्यावर लोकांना बोलतं करतो. आमचा पडदा म्हणजे मांजरपाटाचे पन्ने जोडून शिवलेली भलीमोठी चादर. फ्लेक्सचा पडदा वारं धरतो आणि बांबूसकट आडवा होतो, मांजरपाटातून वारं जातं. उजेडही जातो, म्हणजे चित्र कापडाच्या पलीकडच्या बाजूलाही उमटतं, फक्त उलटं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल. प्रोजेक्टर, वायरी, भोंगा आणि गाडी हे सगळं नितीनकडे. नितीन सिंदी रेल्वे गावचा. त्याला सिनेमे आवडत नाहीत. "तुह्या सिनेमात माणूस दरवाजा उघडाले गेला, की तोपर्यंत मी चहा पिऊन येतो," असं तो म्हणतो, आणि खरंच जातो.

पण मला विचाराल तर त्या दरवाजातच सगळं आहे. त्या वर्षांतल्या काही मंडळींनी कॅमेरा उचलला आणि खऱ्या गावात, खऱ्या खोलीत, खऱ्या उजेडात नेऊन ठेवला. माणसाच्या तोंडावर देवीचे व्रण असतील तर ते दिसतात. बाई रडली तर तिचं नाक गळतं. बैलगाडी चालली तर तिचा आवाज ऐकू येतो, तिच्यावर सतार वाजत नाही. एका सिनेमात एक टायपिस्ट मुलगी पगारवाढ मागायला साहेबाच्या केबिनबाहेर बाकावर बसते आणि जवळजवळ अख्खा सिनेमा त्या बाकावर होतो. मी तो कितीदा दाखवला असेल, पण दर वेळी ती उठून दारावर टकटक करते तेव्हा मीही जागची उठून उभी राहते. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे या सिनेमांतला खलनायक. तो गोळ्या झाडत नाही. तो नमस्कार करतो, पाणी विचारतो, 'बसा ना' म्हणतो, आणि तुमचं काम करत नाही. मी पहिल्यांदा असा खलनायक पाहिला तेव्हा मला वाटलं, अरे, याला तर मी ओळखते, याच्या विरोधात तर मी पत्रक काढलंय.

संताप एकाच गोष्टीचा येतो. यातल्या कित्येक सिनेमांची धड प्रत मिळत नाही. कुठे आवाज फाटलेला, कुठे कोपऱ्यात टीव्ही वाहिनीचं चिन्ह, कुठे शेवटचा भागच गायब. एक सिनेमा तर आम्हाला शेवटाशिवायच मिळाला. हक्क ज्यांच्याकडे, त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पत्राला उत्तर दिलं की उरलेलं घरात पावसाने गेलं. तो सिनेमा मी दाखवत नाही. पण मधूनमधून स्वप्नात त्याचा शेवट मी बनवते आणि दर वेळी तो माझ्या पत्रकासारखा होतो, म्हणजे वाईट होतो.

लोकांना हे सिनेमे जड जातात असं शहरात सांगतात. आष्टीला बाजाराच्या दिवशी आम्ही पडदा लावला होता. एक मिरचीवाले काका आपली पोती आवरून पुढेच येऊन बसले आणि दर थोड्या वेळाने मला विचारायचे, "बाई, मारामारी कवा हाये?" मी म्हणायची, येईल काका. सिनेमा संपला. काका उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "मारामारी तं नाई झाली. पन मार कोनाले बसला ते समजलं." मी इतकी खूश झाले की नितीनला ते तीनदा सांगितलं. तो म्हणाला, एकदाच सांग.

आता त्या गावाची गोष्ट. गिरडच्या अलीकडे फाट्यावरून आत जावं लागतं. नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून जायचं आहे.

आम्हाला बोलावलं ते प्रतिभानं. बी.ए. झालेली, तलाठी भरतीची परीक्षा देणारी मुलगी. घरात सहा माणसं, एक खोली आणि एक टीव्ही, आणि टीव्ही कोणी बंद करत नाही. गावात अशा आणखी चार-पाच मुली. गावाने समाजभवन बांधलेलं आहे, लोकांसाठी. त्याला कुलूप, आणि चावी उपसरपंच बबनभाऊंकडे. आत त्यांची सोयाबीनची पोती आणि ठिबकचे पाइप. मुलींनी अभ्यासाला ती खोली मागितली. बबनभाऊंनी एकदाही नाही म्हटलं नाही. "बघू ना बेटा, पाऊस जाऊ दे." पाऊस गेला. "बघू ना बेटा, सोयाबीन विकू दे." सोयाबीन विकलं, तर त्याच्या जागी नवीन पोती आली. प्रतिभाची परीक्षा जवळ येत होती. पुढच्या आठवड्यात ग्रामसभा होती. तिथे ठराव झाला तर झाला, नाही तर या वर्षीची परीक्षा गेली, आणि पुढच्या वर्षी घरच्यांनी लग्न ठरवलं असतं. हे तिने मला फोनवर रडत नाही, अगदी भांडल्यासारखं सांगितलं. मला ती तिथेच आवडली.

मी सिनेमा निवडला तो नर्सचा. काळा-पांढरा, मराठी. एका गावात सरकारी दवाखान्यावर नवीन नर्स येते. दवाखाना आहे, पण तिला राहायला खोली नाही. ती ट्रंक घेऊन दारोदार फिरते. कोणी तिला हाकलत नाही. सगळे पाणी देतात आणि खोली नाही म्हणतात. मधोमध एक प्रसंग आहे. ती चावडीसमोर ट्रंक ठेवून उभी राहते आणि विचारते, "कुणाकडेच नाही?" आणि कॅमेरा तिथे बसलेल्या माणसांवरून फिरतो. एक चप्पल बघतो, एक बिडी बघतो, एक आभाळ बघतो. कितीतरी वेळ कोणी बोलत नाही. पार्श्वसंगीत नाही, काही नाही. मला तो प्रसंग इतका आवडतो की तो आला की मी प्रेक्षकांकडे बघायचंही विसरते. धंद्याच्या दृष्टीने ही चूक आहे, ते त्या दिवशी कळलं.

समाजभवनासमोरच पटांगण. भवनाला उंच ओटा. ओटा आणि पटांगण यांच्यामध्ये आम्ही बांबू रोवले, पडदा ताणला. दिवस मावळला. पुरुष पटांगणात ताडपत्रीवर बसले. बायका आल्या आणि सरळ पडद्यामागे ओट्यावर जाऊन बसल्या.

"बबनभाऊ, बाया तिकडे काऊन?" मी विचारलं.

"बाया मांगं बसतात," बबनभाऊ हसून म्हणाले. "आजपावतर तसंच हाये म्याडम. तुमी बसा ना पुढं, खुर्ची आनू का?"

झालं. माझं डोकं फिरलं. मी माईक घेतला आणि अर्धा कागदभर भाषण ठोकलं. संविधानापासून सुरू केलं. बायकांना उलटा सिनेमा दाखवणारं गाव, अर्धी लोकसंख्या चादरीच्या मागे, बायका पुढे आल्याशिवाय प्रोजेक्टर चालू होणार नाही. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या, आणि कोणी जागचं हललं नाही. मग मी ओट्यावर चढले.

तिथे कौसामावशी बसल्या होत्या. साठीच्या, कापूस वेचायला जाणाऱ्या, बचत गटाच्या अध्यक्ष. बायका त्यांच्याकडे बघून उठतात आणि त्यांच्याकडे बघून बसतात.

"ए पोरी," मावशी म्हणाल्या, "तू सिनेमा दाखवाले आली का आमाले उठवाले?"

"मावशी, इकून उलटा दिसते ना."

"दिसू दे. आमाले काय त्यातला पेपर वाचाचा हाये का?"

"पन तुमी मांगं काऊन बसाचं? तुमी काय कमी हाये का?"

"कमी कोन म्हनते बाप्पा? तू म्हनून राह्यली," मावशी म्हणाल्या आणि सगळा ओटा हसला. "बस इथं. नाई तं जा पुढं. पन तो दिवा लाव आता, पोट्टे झोपतीन."

मी रागाने तिथेच बसले, निषेध म्हणून. आणि मला आणखी राग आला, कारण बायकांना नीट बसताही येत नव्हतं. पडद्याच्या मधोमधची चांगली जागा रिकामी ठेवून त्या दोन्ही कडांना दाटीवाटीने बसल्या होत्या. मी एकटी मध्ये. कडेच्या बायकांना तर चित्र तिरपंच दिसत असणार. मी दोनदा खुणावलं, इकडे या म्हणून. कोणी लक्ष दिलं नाही.

माझ्या अटीची वाट न बघता नितीनने सिनेमा सुरू केला. तो ट्रंकेचा प्रसंग आला. मी नेहमीसारखी त्यात बुडाले.

सिनेमा संपला, नितीनने दिवा लावला, मी माईक घेतला आणि विचारलं, काय वाटलं? मग ओट्यावरून एक बाई म्हणाली, "नर्स चांगली होती. डावखोरी होती, पन हात हलका होता तिचा."

पटांगणातून कोणी तरी म्हणालं, "डावखोरी कुठं? उजव्या हातानं सुई देल्ली तिनं."

"डाव्या."

"उजव्या, बाई. आमी समोर बसून पाह्यलं."

"समोर बसून झोपले असान."

मी समजावायला गेले की कापडातून चित्र उलटं दिसतं, पण कोण ऐकतंय. विठ्ठल नावाचा बंडीवाला, म्हणजे बैलगाडी हाकणारा, उभा राहून आपला उजवा हात सगळ्यांना दाखवायला लागला. शेवटी नितीनला तो सुईचा प्रसंग पुन्हा लावावा लागला. आणि मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. खात्री करायला बायका ओट्यावरून उतरून पुढे आल्या, आणि बायका काय बघत होत्या ते बघायला पुरुष ओट्यावर चढले. अख्ख्या गावाने जागा बदलली. माझ्या भाषणाने जे झालं नाही ते एका सुईने केलं. समोरून बायका म्हणाल्या, "अगं बाई, उजवीच हाये." मागून विठ्ठल ओरडला, "नाई हो, डावीच हाये." दोन्ही बाजू खऱ्या ठरल्या आणि दोन्ही बाजूंना वाटलं आपणच जिंकलो. बबनभाऊ तेवढे खुर्चीवर बसून राहिले.

चर्चा तिथेच संपली. खोलीचा विषय निघालाच नाही. मी चिडले. प्रतिभा ताडपत्री गुंडाळत होती. मला वाटलं, वाया गेला कार्यक्रम, लोक हसून घरी गेले आणि या मुलीची ग्रामसभा तशीच तोंडावर.

ओट्यावर चार-पाच बायका अजून बसल्या होत्या. मी वायर गोळा करत होते, आणि त्यांचं बोलणं कानावर पडलं.

"गजाननभाऊनं मान खाली घातली."

"घातली. टोपी काढून हातात घेतली ना."

"इठ्ठल पान खाता खाता थांबला. तोंड उघडंच."

"बबनभाऊ?"

"तो हासला. बाजूच्याकडे पाहून हासला. बाजूचा नाई हासला."

मी वायर टाकली. "मावशी, हे कधीचं?"

"ती पोरगी टिरंक घेऊन उभी होती तवाचं," कौसामावशी म्हणाल्या. "तू सिनेमा पाहून राह्यली होती. आमी माणसं पाहून राह्यलो होतो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ओटा उंच, आणि पडद्यापेक्षा लांब. कडेला बसलं की पडद्याच्या बाजूने सगळं पटांगण दिसतं, आणि पडद्याचाच उजेड पुरुषांच्या तोंडावर पडतो. एकेक चेहरा लख्ख. आणि ज्यांना बघायचं त्यांना पत्ताच नाही, कारण ते नर्सकडे बघत असतात. नाटक, भारूड, कीर्तन, कापडी पडद्यावरचा सिनेमा, जे काही गावात आलं, त्याला या बायका वर्षानुवर्षं अशाच कडेने बसत आल्या होत्या.

"मंग तुमी सिनेमा पाह्यलाच नाई," मी म्हटलं.

"पाह्यला ना. पन खोली मांगाले गेलं की माणसं काय करतात, ते काय आमाले सिनेमात पाहा लागते?"

मी गाडीत बसल्यावर नितीनला हे सांगायला लागले आणि थांबेचना. एवढा प्रचार केला, एवढी पत्रकं वाटली, पण कोणाचं मन कुठे हललं हे बघायचं साधन मला कधी सापडलं नव्हतं. या बायकांकडे ते होतं आणि माझ्या पडद्याच्या कडेला होतं. नितीन गाडी चालवत म्हणाला, "म्हणजे सिनेमा चांगला होता म्हणतेस?" त्याच्याकडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ.

ग्रामसभेला मी गेले. त्या गावची मतदार नसल्याने दाराबाहेर उभी राहिले. विषय एकामागून एक संपले. शेवटी प्रतिभा उठली आणि समाजभवनाचं बोलली. मध्ये कुठे थांबली नाही. बबनभाऊ गोड हसले.

"बघू ना बेटा. तूर निघू दे. आपन काय नाई म्हनलं का कवा?"

लोक उठायला लागले. एरवी सभा इथेच संपते. तेवढ्यात कौसामावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "गजाननभाऊ, तुमाले काय वाटते?"

गजाननभाऊ म्हणजे गावातले मोठे शेतकरी, सभेत कधी न बोलणारे. ते उठता उठता खाली बसले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मले काऊन इचारता?" ते म्हणाले.

"तुमाले वाटते म्हून इचारतो," मावशी म्हणाल्या.

मग गजाननभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "चाबी द्या पोरीले. किती दिवस पाणीच पाजसान?"

"इठ्ठलभाऊ?" मावशींनी लगेच विचारलं.

"माही बंडी बाहेरच हाये," विठ्ठल म्हणाला. "पोती कुठं टाकाची तेवढं सांगा."

बबनभाऊंनी हसून बाजूला बघितलं. बाजूचा माणूस चप्पल घालत होता. मावशींनी आणखी तिघांची नावं घेतली, आणि त्या तिघांपैकी एकानेही मावशींना खोटं पाडलं नाही. हात वर झाले तेव्हा ते मोजायची गरज उरली नव्हती. "मी कुठं नाई म्हनलं?" असं म्हणत बबनभाऊंनीही हात वर केला. ग्रामसेवकांनी ठराव लिहिला आणि चावी प्रतिभाच्या हातात आली. पोती त्याच संध्याकाळी निघाली.

माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. बायकांना पुढे बसायला मिळालं पाहिजे. जिला मागे बसायचं ती स्वतःच्या मनाने मागे बसेल, कोणाच्या 'आजपावतर'मुळे नाही. हे मी कौसामावशींना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं बाई, पुढच्या टायमाले अर्ध्या पुढं पाठवतो. पन हुशार हुशार मांगंच ठेवतो." आता हे मान्य करायचं की यावर पत्रक काढायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

महिनाभराने टायपिस्टचा सिनेमा घेऊन आम्ही पुन्हा गेलो. पंचायतीकडून परवानगी घेतली होती, तीही भांडून. समाजभवनाच्या खिडकीत उजेड होता. नितीनने बांबू रोवले, मी पडदा सोडायला घेतला, भोंगा लावून 'हॅलो, हॅलो' म्हटलं. समाजभवनाचं दार उघडलं आणि प्रतिभा बाहेर आली. केस वर बांधलेले, कानामागे पेन.

"ताई, आज इथं नको."

"काऊन?"

"पेपर हाये आमचा. पोरी वाचून राह्यल्या. भोंग्याचा आवाज होते. तिकडं शाळेपाशी लावा ना."

"अगं, पण परवानगी काढलीये मी. इथलीच."

"परवानगी असन," प्रतिभा म्हणाली. "आमच्याकडं ठराव हाये."

तिने दार लावून घेतलं. आतून कोणीतरी मोठ्याने काहीतरी पाठ करायला लागलं. एवढ्या गावांत मी एवढ्या सरपंचांशी भांडले, पडदा हलवला नाही कधी. मी नितीनकडे बघितलं. तो बांबू उपटायलाही लागला होता. मी दुसरा उपटला.